नाच गं घुमा : घर हीच जेव्हा कचेरी ठरते

१/ श्रावणात रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-चौलपासून मुरूडपर्यंत, घरोघरी मंगळागौर जागवली जाते. त्या खेळांतले ‘नाच गं घुमा’ साऱ्या महाराष्ट्राच्या ओळखीचे. घुमेला नाचायला सांगितले जाते, पण ती सहज तयार होत नाही. सोनार आला नाही, दागिना मिळाला नाही, मग नाचावे कसे, अशी तिची तक्रार. खेळाच्या मिषाने चाललेली ही वाटाघाटच होय.

२/ १ मे २०२४ रोजी, म्हणजे कामगारदिनी, याच नावाचा मराठी चित्रपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शन परेश मोकाशी यांचे. लेखन त्यांचे व मधुगंधा कुलकर्णी यांचे. मुक्ता बर्वे यांनी नोकरदार राणीची, तर नम्रता संभेराव यांनी तिच्या घरी काम करणाऱ्या आशाताईंची भूमिका केली.

३/ आशाताई वेळेवर येत नाहीत म्हणून राणी त्यांना कामावरून काढते आणि तिचाच संसार विस्कटतो. विनोदाचे मर्म येथे आहे : राणी कचेरीत नोकर, घरी मालकीण. एकीची नोकरी दुसरीच्या नोकरीवर उभी आहे, हे दोघींनाही ठाऊक असते. कबूल करणे तेवढे अवघड जाते.

४/ स्त्रियांच्या कामावरचा असा विनोद जगाला नवा नाही. डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेत ‘नाइन टू फाइव्ह’ आला. जेन फोंडा, लिली टॉमलिन व डॉली पार्टन यांनी रंगवलेल्या तिघीजणी जुलमी साहेबाला डांबून ठेवतात आणि कचेरीत सोयीच्या वेळा व पाळणाघर सुरू करतात. या कथेमागे बोस्टनमध्ये १९७३ साली कचेरीतील स्त्रियांनी उभारलेली, याच नावाची चळवळ होती.

५/ त्याच १९८० साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. पगारवाढ आणि भरपगारी रजा या त्यांच्या मागण्या. त्यातूनच ‘पुणे शहर मोलकरीण संघटना’ उभी राहिली. कारखान्याला फाटक असते, तेथे एकत्र जमता येते. येथे मात्र प्रत्येकीचा मालक वेगळा आणि प्रत्येकीचे कामाचे ठिकाण कुणाचे तरी स्वयंपाकघर.

६/ पुढे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तो २००८ साली. नोंदणी व साहाय्याची वाट त्याने मोकळी केली. परंतु वेतन व कामाचे तास त्याने ठरवले नाहीत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ संमत केला. त्यात आठवड्याला सलग चोवीस तासांच्या विश्रांतीची तरतूद आहे. भारताने त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही.

७/ त्यामुळे रजेचा निवाडा आजही दाराशी उभ्या असलेल्या दोन बायकाच करतात : एक घड्याळाकडे बघत, दुसरी पदर खोचत. चित्रपटात ज्या गैरहजेरीवर हशा पिकतो, तिचेच दुसरे नाव रजा. आणि त्या रजेसाठीच १९८० साली पुण्याच्या मोलकरणी रस्त्यावर उतरल्या होत्या.