जाड पाठीच्या पडद्याची गोष्ट



शाळेत, दूध डेअरीत किंवा गटाच्या कार्यालयात जाड पाठीचा जुना कॉम्प्युटर अजून कुठे कुठे दिसतो. एखाद्या दिवशी त्याच्या पडद्यावर नुसती एक आडवी रेघ उरते आणि आपण घाबरतो, "गेला सगळा हिशेब!" हिशेब गेलेला नसतो. तो असतो शेजारच्या डब्यात, पडदा फक्त दाखवतो. दुसरा पडदा जोडून हिशेब आधी पेनड्राईव्हवर उतरवून घ्यावा.

या पडद्याचं मूळ १८९७ सालचं. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी हवा काढलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत सोडला. झोत समोर आदळला की तिथे ठिपका चमके. याच नळीतून पुढे टीव्ही घडला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा घरोघरचा टीव्ही याच नळीचा होता. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांत ऊस उत्पादकांसाठी संगणक पोहोचवायचा प्रकल्प सुरू झाला. त्या काळातले कॉम्प्युटरही असेच जाड पाठीचे असत.

शेतात सऱ्या पाडाव्यात तसा हा झोत एकाखाली एक रेघा ओढतो, सेकंदाला साठ किंवा जास्त वेळा संपूर्ण पडदाभर. म्हणून बिघाड समोरूनच ओळखता येतो. एकच आडवी रेघ दिसली, तर झोताला वर-खाली नेणारा भाग बंद पडलाय. चित्र अंधूक होत गेलं, तर बहुधा नळी थकली. रंगाचे डाग पडले, तर जवळचा स्पीकर किंवा लोहचुंबक दूर करा. एखादा रंगच गायब असेल, तर वायरची पिन वाकली आहे का ते पाहा. थापटल्यावर चित्र येत असेल, तर उष्णतेनं आतला एखादा टाका सुटलेला असतो. जळका वास आला, तर लगेच वीज बंद करा.

एवढं आपण करावं, पण पाठीमागचं झाकण उघडू नये. आपल्या घरात वीज २३० व्होल्टची. रंगीत पडद्याच्या आत ती वीस-पंचवीस हजार व्होल्टपर्यंत जाते आणि प्लग काढल्यावरही काही काळ साठून राहते. आतलं काम जाणत्या कारागिराचंच.

आणखी एक गोष्ट. झोत आदळताना थोडे क्ष-किरण निघतात. ते बाहेर येऊ नयेत म्हणून नळीच्या काचेत शिसं घातलं. समोर बसणाऱ्याला ज्या शिशानं जपलं, तेच काच फुटल्यावर घातक ठरतं. भंगारवाले तांब्यासाठी नळी फोडतात आणि काच उकिरड्यावर पडते. शिसं मुलांच्या पोटात गेलं, तर त्यांच्या मेंदूच्या वाढीला अपाय होतो. शिवाय नळी फुटताना काचेचे तुकडे जोरात उडतात.

आपल्या देशात १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, पडदा खरंच संपला असेल, तर तो न फोडता अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. गावात केंद्र नसेल, तर गटाच्या बैठकीत विषय काढा, गावातले सगळे जुने पडदे एकत्र करा आणि एकाच गाडीनं पाठवा. तोवर ते मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवा.