वितरित संबंधात्मक डेटाबेस : अभ्याससाधने

माहिती अनेक संगणकांवर विखुरलेली, पण वापरणाऱ्याला मात्र ती एकाच डेटाबेसमध्ये असल्यासारखी एसक्यूएलमधून हाताळता येते, अशा व्यवस्थेला वितरित संबंधात्मक डेटाबेस म्हणतात. गूगलचा स्पॅनर, कॉक्रोचडीबी, टायडीबी आणि युगाबाइटडीबी ही आजची ठळक उदाहरणे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले संबंधात्मक प्रतिमान आणि वितरित प्रणालींचे शास्त्र या दोहोंच्या सांध्यावर हा विषय उभा आहे. त्यामुळे शिकण्याची साधनेही दोन्हीकडे विभागलेली आहेत आणि ती कोणत्या क्रमाने घ्यावीत याला महत्त्व आहे.

पाया पाठ्यपुस्तकाचाच हवा. सिल्बरशात्झ, कोर्थ आणि मुंबईच्या आयआयटीतील एस. सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ भारतातल्या बहुतेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे. पण वितरित साठवण, क्वेरी आणि ट्रान्झॅक्शन यांवरची त्यातली शेवटाकडची प्रकरणे परीक्षेच्या धांदलीत अनेकदा मागे पडतात. सातव्या आवृत्तीत ही प्रकरणे बरीच नव्याने बांधलेली आहेत आणि तीच आधी वाचावीत. ओझ्सू व वाल्दुरिएझ यांचा ग्रंथ (पहिली आवृत्ती १९९१) केवळ याच विषयाला वाहिलेला असून तो अधिक सखोल आहे. मार्टिन क्लेपमन यांचे ‘डिझायनिंग डेटा-इंटेन्सिव्ह ॲप्लिकेशन्स’ (२०१७) काम करणाऱ्या अभियंत्याला अधिक जवळचे वाटते. त्यातले ट्रान्झॅक्शनच्या विलगतेवरचे प्रकरण सावकाश वाचावे.

यानंतरचा टप्पा एकमताचा. एका नोंदीच्या तीन प्रती तीन नोडवर (म्हणजे तीन संगणकांवर) असतील, तर त्यांतली खरी कोणती, हे ठरवण्याची रीत आधी कळली पाहिजे. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही रीत समजायला अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. डिएगो ओंगारो आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट मांडली ती समजायला सोपी व्हावी हाच हेतू समोर ठेवून. तसा दावा करून ते थांबले नाहीत: स्टॅनफर्ड आणि बर्कली येथील ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही रीती शिकवून त्यांची चाचणी घेतली, तेव्हा ३३ जणांना राफ्टच्या प्रश्नांत अधिक गुण मिळाले. शिकणाऱ्याचा इतका विचार केलेला शोधनिबंध या क्षेत्रात विरळाच. कॉक्रोचडीबी, टायडीबी आणि युगाबाइटडीबी तिन्ही राफ्टवर चालतात, त्यामुळे हा एक निबंध वाचला की तिघांचेही अंतरंग उलगडू लागते.

स्पॅनरवरचा २०१२ चा निबंध त्याच्या जोडीने वाचावा. दूरदूरच्या यंत्रांवरची घड्याळे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. स्पॅनर ही अनिश्चितता लपवत नाही, मोजतो. जीपीएस आणि आण्विक घड्याळांच्या आधारे तो ‘आत्ताची वेळ या मर्यादेत आहे’ असे सांगतो आणि ती मर्यादा उलटून जाईपर्यंत कमिट रोखून धरतो. निबंधात ही अनिश्चितता बहुधा १ ते ७ मिलिसेकंद दिली आहे. वेळेचा प्रश्न इतक्या उघडपणे मांडलेला पाहिला की पुढचे अनेक निर्णय आपोआप समजतात.

विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत अँडी पावलो यांची कार्नेगी मेलन येथील डेटाबेसवरची व्याख्याने सर्वांना मोफत पाहता येतात; मात्र त्यांतला प्रकल्प एकाच यंत्रावरचा आहे. ती उणीव एमआयटीचा वितरित प्रणालींचा अभ्यासक्रम भरून काढतो. तिथे विद्यार्थी गो भाषेत राफ्ट स्वतः लिहितात आणि मग तिच्यावर साठवण उभारतात. उत्पादक कंपन्यांचे मोफत अभ्यासक्रम आज्ञा आणि मांडणी शिकायला ठीक आहेत. मोडतोड शिकायची तर ते अपुरे पडतात.

आणि या विषयात मोडतोडीवाचून शिक्षण पुरे होत नाही. एकाच लॅपटॉपवर तीन नोडचा कॉक्रोचडीबी क्लस्टर चालवता येतो. दोन खात्यांमध्ये पैसे फिरवत राहणारा छोटा प्रोग्रॅम लावून एक नोड मध्येच बंद करावा: व्यवहार थोडे अडखळतात आणि पुन्हा सुरू होतात. दुसराही बंद केला की बहुमत उरत नाही आणि लिखाण अडून राहते. डेटाबेस चुकीचे उत्तर देण्याऐवजी थांबणे पसंत करतो, हे इथे डोळ्यांनी दिसते. एक नोड परत आणला की काम पुढे सरकते. मग दोन सत्रांतून त्याच दोन खात्यांवर एकाच वेळी, उलटसुलट क्रमाने व्यवहार चालवावेत. लवकरच ४०००१ हा त्रुटिसंकेत येतो. तो आला की व्यवहार अगदी पहिल्यापासून पुन्हा चालवायचा असतो, आणि बहुतेक वेळा ही जबाबदारी ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याची असते. चढत्या क्रमांकाची प्राथमिक किल्ली दिली, तर नव्या सगळ्या नोंदी एकाच भागावर कशा आदळतात, तेही याच प्रयोगात पाहावे.

काइल किंग्जबरी यांच्या जेप्सन या उपक्रमाचे अहवाल प्रगत विद्यार्थ्याने वाचावेतच. या उपक्रमात डेटाबेसच्या नोडमधले नेटवर्क तोडतात, घड्याळे हलवतात आणि कंपनीने दिलेले आश्वासन टिकते का ते तपासतात. टायडीबीवरच्या २०१९ च्या अहवालात आढळले, की अयशस्वी व्यवहार आपोआप पुन्हा चालवण्याच्या मूळ (डीफॉल्ट) मांडणीमुळे एकाचे बदल दुसऱ्याकडून पुसले जात होते.