ह्या कातळार काय पिकता?

मागच्या लेखात डेटाबेसबद्दल पुढचा भाग लिहीन असं कबूल केलं होतं, पण या शनिवारी विषय बदलतोय. आज बेडूक! हसू नका, थोडं शेवटपर्यंत वाचा.

तर झालं असं. जूनमध्ये एका शनिवारी सकाळी सावंतवाडीहून काकांचा फोन आला. मी चाकणच्या कंपनीतलं रात्रीचं डिप्लॉयमेंट उरकून पहाटे मोशीला घरी पोचलेलो, त्यामुळे अर्धवट झोपेतच ऐकलं. गावच्या सामायिक जमिनीत आमचा एक कातळ आहे, साधारण दोन एकरांचा. एका चिरेखाणवाल्याला तो हवा होता. बाबांनी भोसरीत लेथवर तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहेत. धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आणि माझ्या डोक्यावर फ्लॅटचा हप्ता. पैसे नको कोण म्हणेल? बाबांनी एवढंच सांगितलं, "तू शिकलेला आहेस, कागद एकदा नीट वाच."

म्हणून सातबारा वाचला. त्या दोन एकरांपुढे एकच शब्द होता : पोटखराब. म्हणजे लागवडीला नालायक. आणि मला एकदम एका बेडकाचं नाव आठवलं.

मला हे वेड ताम्हिणीत लागलं. पावसाळ्यात बाईकवरून गेलो होतो, रस्त्यावर चिरडलेले बेडूक बघून गाडी बाजूला घेतली आणि त्या रात्री घरी येऊन वाचत बसलो. मग कळलं की याच ताम्हिणीतल्या उभयचरांचा अभ्यास पुण्याच्या नीलेश डहाणूकर आणि आनंद पाध्ये यांनी 'करंट सायन्स'मध्ये २००५ साली छापलाय. पाध्ये गरवारे कॉलेजचे. त्याआधी २००२ मध्ये त्यांनी आणि मॉडर्न कॉलेजच्या हेमंत घाटे सरांनी अख्ख्या महाराष्ट्रातल्या उभयचरांचा आढावा घेतला होता. म्हणजे कर्वे रोडवर आणि शिवाजीनगरला हे काम चाललं होतं आणि आम्ही तिथेच चहा पीत होतो :-)

पण गोष्ट बरीच जुनी आहे. सुरुवातीला आपल्या डोंगरातल्या बेडकांची बारशी लांब कुठेतरी व्हायची. माथेरानच्या एका बेडकाला १८८८ साली लंडनच्या म्युझियममध्ये बसून बूलेंजरनी नाव दिलं, ते मुंबईच्या लीथ नावाच्या डॉक्टरांचं. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १९१६ ची. तिचे पहिले संचालक अ‍ॅननडेल. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या ओढ्यांमधले जीव तपासले आणि १९१९ मध्ये इथल्या एका छोट्या बेडकाच्या नावात चक्क सह्याद्री घातला, 'सिहाड्रेन्सिस'. इंग्रजी स्पेलिंगने वाट लावली, पण भावना पोचल्या.

मग आपल्या लोणावळा लोकलच्या टप्प्यातली गोष्ट. खंडाळ्यात एक देवगांडूळ मिळतं. हे गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे, बेडकाचाच बिनपायांचा भाऊबंद, जमिनीखाली राहतो. १९६० साली अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या एडवर्ड टेलरनी त्याच्यासाठी नवी प्रजातीच मांडली, 'इंडोटिफ्लस', आणि पुढे ब्रिटिश म्युझियममधल्या बॅटर्सबींचं नाव जोडलं. इथल्या मातीत तो हजारो वर्षं होता, पण कागदावर आला तो असा सातासमुद्रापार.

नंतर मात्र चित्र बदललं. १९६३ मध्ये सोमण यांनी कोयनेच्या शिवाजीसागर परिसरातल्या भेकाचं वर्णन मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापलं. म्हणजे धरण आणि हा भेक कागदावर साधारण एकाच सुमारास आले! त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये जे. सी. डॅनियल यांची पश्चिम भारतातल्या उभयचरांवरची लेखमाला सुरू झाली. आंबोलीच्या एका देवगांडुळाला २००३ मध्ये वरद गिरी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी डॅनियल यांचंच नाव दिलं. २००९ मध्ये आंबोलीचा पिवळा वाघपट्टी भेक जाहीर झाला. घाटे सरांच्या नावाचा बेडूक २०१३ चा.

आणि २०१४ मध्ये पाध्ये, मोडक आणि डहाणूकर यांनी आंबोलीच्या एका उडीबाज बेडकाला नाव दिलं 'इंडिराना चिरावासी'. चिऱ्यात राहणारा, म्हणून चिरावासी. लॅटिनच्या त्या सगळ्या गर्दीत आपला साधा मराठी चिरा. मला तेव्हा फार भारी वाटलं होतं. आमचं गावचं घर चिऱ्याचंच आहे.

आता नाव दिलं म्हणून काय झालं, असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे. नाव म्हणजे फक्त आयडी. पण आयडीच नसेल तर रेकॉर्ड अपडेट तरी कशाचं करणार? २००४ साली जगभरातल्या उभयचरांची पहिली मोठी मोजदाद झाली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश जाती धोक्यात निघाल्या. २०२३ च्या मोजदादीत हा आकडा सुमारे ४१ टक्क्यांवर गेला. कातडीनेही श्वास घेणारा प्राणी, पाणी किंवा हवा बिघडली की पहिला मार त्यालाच. जगात अनेक ठिकाणी बेडूक संपवणारी कायट्रिड बुरशी सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या बेडकांतही आहे, हे पुण्याच्याच अभ्यासकांनी २०१३ मध्ये दाखवलं.

शिवाय कातळाचा हिशोबच वेगळा. आंबोलीचा तो भेक पावसाच्या सुरुवातीला कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. उडीबाज बेडकांच्या पिल्लांना तर धड डबकंही लागत नाही, ती ओल्या दगडाच्या पृष्ठभागावर सरपटत वाढतात. सातबाऱ्याला जे पोटखराब, तेच यांचं बाळंतघर.

तर कागद वाचून झाल्यावर मी रात्रीची एसटी पकडून गावी गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस लागला आणि काकांना घेऊन टॉर्च मारत कातळावर गेलो. काका वैतागले होते. म्हणाले, "ह्या कातळार काय पिकता रे?" मी उत्तर दिलं नाही, नुसता टॉर्च खाली धरला. बोटभर पाण्यात टॅडपोलची काळी झुंबड होती. कुठल्या जातीचे ते मला ओळखता येत नाही, आणि आमचा कातळ घाटाच्या पायथ्याशी आहे, आंबोलीत नाही. तो चिरावासीच असेल असा दावा मी करणार नाही. काका मात्र वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, लहानपणी कुदळीखाली आलेली ती 'दोन तोंडांची' जनावरं त्यांनी किती मारली त्याला गणती नाही.

घरी आल्यावर बाबांना फोन केला. एवढंच मागितलं की सही एक पावसाळा पुढे ढकला, तोवर कुणा जाणकाराला कातळ दाखवतो. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेडकांचं भाडं तू भरणार का?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. खाणवाला कायम थांबणार नाही, आणि काकांनाही घराचं छप्पर करायचंय. मी हिशोब केला. माझा दिवाळी बोनस आणि थोडी बचत मिळून आगाऊ रकमेच्या निम्मे होतात. ते देतो म्हणालो. फक्त या वर्षापुरतं. पुढच्या वर्षाचं मलाही ठाऊक नाही.

चाकणला कंपनीच्या गेटबाहेर अजून थोडा मोकळा माळ उरलाय. परवा शिफ्ट सुटल्यावर पावसात तिथूनही डराव डराव ऐकू येत होतं. रोज ऐकत असणार मी, लक्ष पहिल्यांदाच गेलं.

असो. फार लांबलं. तज्ज्ञ मंडळींनी चूकभूल द्यावी घ्यावी. डेटाबेसचा भाग पुढच्या शनिवारी, नक्की!