खुंटीवरची एक बंदूक आणि राजवाड्यातला शिलेखाना

१/ शिकाऱ्याला बंदुका किती लागतात? एक, चार, की चारशे? प्रश्न साधा वाटतो. पण हिंदुस्थानच्या गेल्या दीडशे वर्षांत या संख्येमागे तंत्र होते, प्रतिष्ठा होती आणि राज्यकर्त्यांच्या मनातले भयही होते. ज्याला खरी गरज होती, त्याला एक बंदूक बाळगण्यासाठी सरकारदारी हात जोडावे लागले. ज्याला गरज नव्हती, त्याच्या दालनात बंदुकांच्या रांगा लागल्या. हे कसे घडले, ते या धाग्यात क्रमाने पाहू.

२/ आरंभ तंत्रापासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकारीची बंदूक म्हणजे ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी किंवा काथ्या घालून गजाने ठासायचे, मग छर्रे अथवा गोळी, पुन्हा ठासणी, आणि शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढे सव्यापसव्य एका बारासाठी! बार उडाला की समोर धुराचा पडदा उभा राही. जखमी जनावर त्या धुरातून अंगावर आले, तर बंदूक पुन्हा भरायला सवड नसे.

३/ म्हणून ज्याला परवडे, तो शिकारी दोन-तीन भरलेल्या बंदुका घेऊन रानात जाई. मागे उभा असलेला नोकर रिकामी बंदूक घेई आणि भरलेली हाती देई. या काळात अनेक बंदुका बाळगण्याला जीव वाचवण्याचे सरळ कारण होते. गावातल्या गरीब शिकाऱ्याला ही सोय नव्हती. त्याचा बार एकच. तो चुकला तर संपले. त्यामुळे तो मचाणावर बसे, जनावर अगदी टप्प्यात येईपर्यंत श्वास रोखून थांबे. एका बंदुकीची उणीव तो धीराने भरून काढी.

४/ शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. काडतूस आले, बंदूक मागच्या बाजूने भरता येऊ लागली. पुढे धूररहित दारू आली, आणि शतक संपता संपता एकापाठोपाठ चार-पाच गोळ्या झाडणारी रायफल बाजारात मिळू लागली. तर्काने पाहता आता शिकाऱ्याजवळच्या बंदुकांची संख्या घटायला हवी होती. गंमत अशी, की नेमक्या याच काळात संस्थानी राजवाड्यांतले शिलेखाने फुगत गेले. (शिलेखाना म्हणजे शस्त्रागार, मराठी दरबारी भाषेतला हा जुना शब्द.)

५/ थोड्या विविधतेला अर्थ होता, हे मान्य केले पाहिजे. पाखरांसाठी छर्ऱ्यांची बंदूक, हरणासाठी हलकी रायफल, वाघासाठी त्याहून जड, आणि गवा किंवा हत्ती यांच्यासाठी भारी दुनळी रायफल. प्रत्येकीचे काम निराळे. म्हणजे सर्व प्रकारच्या शिकारी करणाऱ्यालाही तीन-चार हत्यारे पुरत. त्यापुढची प्रत्येक बंदूक शिकारीसाठी नव्हे, संग्रहासाठी होती. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, वेस्टली रिचर्ड्स अशा विलायती बंदूककारांकडे संस्थानिकांच्या मागण्या जात. कोरीव नक्षीच्या बंदुका, पुष्कळदा जोडीने, पेटीत बंद होऊन येत.

६/ हा केवळ हौसेचा मामला होता काय? नाही. मांडलिक झालेल्या राजाला लढाया करायच्या उरल्या नव्हत्या. शिकार हेच त्याचे रणांगण आणि हीच त्याची मुत्सद्देगिरी बनली. व्हाइसरॉय किंवा राजघराण्यातला पाहुणा आला की वाघाची शिकार ठरलेली. १९११ साली पंचम जॉर्ज नेपाळच्या तराईत शिकारीला गेले, तेव्हा काही दिवसांत ३९ वाघ पडले. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी तर व्याघ्रशिकारीची व्यवस्था कशी ठेवावी यावर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिले. अशा यजमानाच्या घरी शिलेखाना म्हणजे आदरातिथ्याचाच एक भाग होता.

७/ जेथे संख्या हाच पराक्रम मानला गेला, तेथे तिचा शेवट कोठे होतो हे भरतपूरने दाखवले. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पाणपक्षी मारले गेले. केवलादेवच्या त्या पाणथळीत आजही असे आकडे कोरलेला शिलालेख उभा आहे. सरगुजाच्या महाराजांच्या नावावर तर आयुष्यभरात अकराशेहून अधिक वाघ मारल्याचा दावा सांगितला जातो. बंदुकांची गणती आणि मुडद्यांची गणती एकाच वहीत होऊ लागली होती.

८/ याच काळात, याच देशात, दुसऱ्या टोकाला एक माणूस होता: जिम कॉर्बेट. जन्म १८७५, नैनिताल. त्यांची बालपणीची बंदूक म्हणजे ठासणीची एक जुनी दुनळी. तिची एक नळी फुटलेली, आणि सगळा सांगाडा तारेने आवळून बांधलेला. म्हणजे उपयोगाची नळी एकच. दारू-गोळी जपून वापरायची, म्हणून नेम साधल्यावाचून बार टाकायचा नाही, ही सवय तेथे लागली. पुढे रेल्वेत नोकरी करताना सुट्टी काढून ते नरभक्षकांच्या मागावर जात.

९/ १९०७ साली चंपावतच्या वाघिणीचा शेवट कसा झाला, ते पाहण्यासारखे आहे. ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. कॉर्बेट यांच्याजवळ त्या वेळी दुनळी रायफल होती, पण काडतुसे अवघी तीन. ती संपली, वाघीण जखमी होऊन उभीच होती. तेव्हा त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून घेतली. जवळ पोहोचल्यावर लक्षात आले, की तिच्या नळ्या आणि मागचा भाग यांत चांगली फट पडली आहे. तरीही बार टाकला, आणि वाघीण कोसळली. भव्य शिलेखान्यातली एकही बंदूक त्या दिवशी तेथे नव्हती.

१०/ या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांच्या हस्ते कॉर्बेट यांना .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. ही हलकी रायफल आणि .४५०/४०० ची एक भारी दुनळी, या दोघींचीच गाठ त्यांच्या उत्तरायुष्यातल्या कथांत प्रामुख्याने पडते. १९२६ साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मारला गेला तो याच रिग्बीने.

११/ मात्र येथे एक सावधगिरी हवी. थोड्या बंदुकांचा मालक साधू आणि पुष्कळ बंदुकांचा मालक दुष्ट, अशी सोपी वाटणी इतिहासात टिकत नाही. कॉर्बेट यांनी नरभक्षक नसलेले वाघही मारले, आणि लिनलिथगोंसाठी व्याघ्रशिकारीची व्यवस्थाही केली. उलट, संस्थानिकांनी राखलेली कित्येक शिकारी राने पुढे अभयारण्ये झाली. कोल्हापूर संस्थानचे राधानगरी-दाजीपूर हे आपल्या घरचे उदाहरण. भेद चारित्र्याचा कमी आणि बंदूक कशासाठी हाती आहे याचा अधिक आहे.

१२/ आता तिसऱ्या माणसाकडे वळू. ज्याच्याविषयी फार कमी लिहिले जाते, तो शेतकरी. रानडुकरांपासून पीक आणि बिबट्यापासून गुरे राखण्यासाठी त्याला एक बंदूक हवी होती. पण १८५७ च्या उठावानंतर सरकारने प्रजेला निःशस्त्र करण्याचे धोरण धरले आणि लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला. आता परवान्यावाचून बंदूक बाळगणे हा गुन्हा ठरला. त्याच वेळी सरकार हिंस्र श्वापदे मारणाऱ्यांना बक्षिसेही देत होते! जनावर मारा, पण हत्यार आम्हाला विचारून ठेवा, असा हा न्याय.

१३/ या कायद्याची खरी बोच त्याच्या सवलतींत होती. युरोपियनांना परवान्यातून सूट. संस्थानिक आणि काही सरदार-मानकरी यांनाही सूट. शेतकऱ्याला मात्र अर्ज, चौकशी आणि अधिकाऱ्याची मर्जी. कूर्गच्या कोडव लोकांना इंग्रजांनी १८६१ पासून सूट दिली. बंदुकीची पूजा करणाऱ्या त्या समाजाची ही सवलत आजही चालू आहे. म्हणजे बंदूक किती आणि कोणाकडे, हे ठरत होते ते गरजेवरून नव्हे, तर राज्यकर्त्यांचा विश्वास कोणावर आहे यावरून.

१४/ देशाने हा अपमान ओळखला होता. शस्त्रकायदा सौम्य करावा, ही मागणी काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतच पुढे आली. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीचे आवाहन करताना, अहिंसेचे पुजारी असलेल्या गांधीजींनीही, संपूर्ण राष्ट्राची शस्त्रे काढून घेणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे लिहिले. पहिल्या महायुद्धानंतर वर्णावर आधारलेली सूट नियमांतून गेली. परवाना मात्र राहिला.

१५/ स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्रकायदा केला. त्याच्या तेराव्या कलमात एक लक्षणीय तरतूद आहे: पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक, आणि संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, अन्य अडचण नसेल तर, परवाना द्यावा. शेतकऱ्याच्या गरजेला कायद्याने नाव दिले. संग्रहाला मर्यादा आली ती १९८३ च्या दुरुस्तीने. एका व्यक्तीजवळ जास्तीत जास्त तीन शस्त्रे. पूर्वी बेरीज पदावरून होई. आता राजा असो वा रयत, आकडा एकच.

१६/ दरम्यान शिकारच संपली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात सुमारे १,८०० वाघ उरल्याचे आढळले आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. शिकारी रायफलीचे प्रयोजनच गेले. आज शेतात घुसलेले रानडुक्कर मारायचे असले, तरी बंदुकीच्या परवान्याशिवाय वन खात्याची परवानगीही लागते. मग घराघरांत उरल्या त्या बंदुका कोणत्या? काही संरक्षणाच्या, काही पिकाच्या, आणि पुष्कळशा आजोबांच्या.

१७/ या आजोबांच्या बंदुकांवरूनच २०१९ मध्ये संसदेत चर्चा रंगली. मूळ विधेयकात एका व्यक्तीला एकच शस्त्र, असे सुचवले होते. वारसा, घराण्याची परंपरा, निर्जन भागातले संरक्षण असे आक्षेप आल्यावर मर्यादा दोन ठरली. जास्तीची शस्त्रे वर्षभरात जमा करण्याचा आदेश झाला; नेमबाजांसाठी वेगळी व्यवस्था राहिली. चारशेवरून तीन, तीनवरून दोन. या उतरत्या आकड्यांत एका समाजाचे बदललेले मन दिसते.

१८/ मित्रहो, पुढच्या वेळी कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधील संग्रहालयात शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे पाहाल, तेव्हा जरूर थांबा. ती कारागिरी थांबण्याजोगीच आहे. पण त्याच वेळी कोकणातल्या एखाद्या घरातली ठासणीची बंदूकही आठवा. निवडणूक जाहीर झाली की ती अनेकदा पोलीस ठाण्यात जमा होते, आणि मालक तेवढे दिवस काजूची बाग पत्र्याचा डबा वाजवून राखतो. शिलेखान्यातल्या बंदुकांची नावे, घराणी, कारागीर नोंदलेले असतात. खुंटीवरच्या बंदुकीची नोंद फक्त परवान्याच्या वहीत. दोन्ही वाचल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.