जठरातील पॉलिप : कर्करोगाचा धोका

जठराच्या आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मांसल उंचवट्याला पॉलिप म्हणतात. बहुतेक पॉलिप काहीच त्रास देत नाहीत. पित्ताच्या तक्रारीसाठी दुर्बिणीची तपासणी (एंडोस्कोपी) केली की सहज नजरेस पडतात. अहवालात हा शब्द दिसताच घरात कर्करोगाची धास्ती बसते. बहुतेकांच्या बाबतीत ती अनाठायी असते. खरा धोका पॉलिपच्या जातीवर आणि भोवतालच्या अस्तरावर ठरतो.

फंडिक ग्रंथींचे पॉलिप लहान, गुळगुळीत असतात आणि काचेसारखे चमकतात. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते अधिक आढळतात, पण त्यांचा कर्करोग होणे अतिविरळ. अपवाद आनुवंशिक रोगाचा : ज्या घराण्यात मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात, तिथे हेच पॉलिप जपून पाहावे लागतात. हायपरप्लास्टिक पॉलिप लालसर असतो. त्याचा माथा झिजून रक्त पाझरते, आणि पुष्कळदा रुग्णाचे रक्त कमी का झाले याच्या शोधात तो सापडतो. हा पॉलिप १ सेंटिमीटरहून मोठा असेल तर काढून टाकणे इष्ट. सर्वांत घातक ॲडेनोमा. आकार २ सेंटिमीटरच्या पुढे गेला किंवा पेशींत तीव्र विकृती दिसली की धोका बराच वाढतो. अशा वेळी जठराचा उरलेला भागही बारकाईने पाहिला पाहिजे, कारण कर्करोग दुसरीकडेही दडलेला असू शकतो.

अस्तर बिघडवणारा मुख्य शत्रू हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवले. तो बहुधा बालपणीच घरातल्या घरात पसरतो, अनेक वर्षे सूज ठेवतो, अस्तर पातळ करतो. प्रतिजैविकांनी त्याचा नायनाट केल्यावर कित्येक हायपरप्लास्टिक पॉलिप आपोआप विरतात. वाढते वय, बिडी-सिगारेट, अतिखारट खाणे आणि आईवडील वा भावंडांत जठराचा कर्करोग, हेही धोका वाढवतात.

सातारा-सांगलीकरांना तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले; १९६२ पासून त्याच शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तर कराडला १९८४ पासून कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय. पण दुर्बिणीतून पॉलिपची जात नेमकी ठरत नाही. ती ठरते काढलेल्या तुकड्याच्या तपासणीत, म्हणजे बायोप्सीत, आणि तो अहवाल काही दिवसांनी येतो. जत किंवा पाटणसारख्या लांबच्या तालुक्यातून आलेल्या माणसाचा तो आणायचाच राहून जाऊ शकतो. वजन घटणे, काळी शौच, गिळताना अडकणे यांपैकी काही असेल तर थांबू नये. आणि बायोप्सीचा कागद हाती घेऊन डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तपासणी पूर्ण झाली असे कोणीही समजू नये.