ताहुआता बेटावरचा एकटा पाहुणा

मंडळी, तुमच्या गावच्या शाळेत भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असेल. त्यावर पॅसिफिक महासागराचा तो मोठा निळा पसारा पाहा. विषुववृत्ताच्या थोडे खाली, अमेरिकेच्या अंगाला, सुईने टोचल्यासारखे दहा-बारा ठिपके दिसतील. न दिसले तर नकाशाला दोष देऊ नका. इतक्या लहान जागा पुष्कळदा छापायच्या राहूनच जातात. ही मार्केसास बेटे. ताहिती बेटापासून चौदाशे किलोमीटर ईशान्येला. कोणत्याही बाजूने मोठी भूमी गाठायची म्हटली, तर हजारो किलोमीटर पाणीच पाणी.

१७९७ सालच्या जून महिन्यात यांतल्या ताहुआता नावाच्या बेटावर बावीस वर्षांचा एक इंग्रज तरुण मुक्कामाला राहिला. त्याचे नाव विल्यम पॅस्को क्रुक. ख्रिस्ती धर्म शिकवायला आलेला हा मिशनरी. पण पाद्री म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो झगेवाला, पोथ्या पढलेला माणूस येईल, तसा हा नव्हता बरं का. डेव्हन परगण्यातल्या डार्टमथ गावचा हा मुलगा आधी एका बड्या माणसाच्या घरी नोकर होता, मग पत्र्याचे काम करू लागला. १७९५ साली लंडनमध्ये एक मिशनरी सोसायटी निघाली. तिने ‘डफ’ नावाच्या जहाजातून तीस माणसे दक्षिण समुद्रात धाडली. त्यांत रीतसर दीक्षा घेतलेले पाद्री चारच. बाकीचे सुतार, शिंपी, चांभार, विणकर, गवंडी. धर्माबरोबर हुन्नरही शिकवावा, असा सोसायटीचा बेत होता.

या जहाजाचा कप्तान जेम्स विल्सन. त्याचा आपल्या देशाशी वेगळाच ऋणानुबंध होता. तरुणपणी तो हैदरअलीच्या हाती सापडला आणि श्रीरंगपट्टणच्या कैदेत बावीस महिने बेड्या घालून राहिला होता. परक्या मुलखात एकटे पडणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागत नव्हते. असो.

तीस जणांतले अठरा ताहितीला राहिले, दहा टोंगाला गेले. मार्केसासच्या वाट्याला दोघेच आले. एक आपला क्रुक आणि दुसरा जॉन हॅरिस, एकोणचाळीस वर्षांचा, लाकडी पिंपे बांधणारा. जहाज वाइताहू नावाच्या खोऱ्यासमोर नांगरले. खोऱ्याचा मुखिया तेनाए याने पाहुण्यांना राहायला घर दिले, खायला दिले. क्रुक पहिल्यापासून किनाऱ्यावर झोपू लागला. तिथले आंबूस अन्न त्याला गोड लागले. हॅरिसचा पाय मात्र जहाजावरून निघेना, आणि निघाला तेव्हा ते अन्न घशाखाली उतरेना.

मग एके दिवशी मुखियाने दोघांना दुसऱ्या खोऱ्यात फिरायला बोलावले. क्रुक गेला, हॅरिस गेला नाही. पाहुण्याला करमावे म्हणून मुखिया आपली बायको त्याच्या सोबतीला ठेवून गेला. त्या मुलखात यात वावगे काही नव्हते; उलट हा पाहुणचाराचा कळस. हॅरिसने तोंड फिरवले तेव्हा बायकांना नवल वाटले. हा माणूस आहे तरी कोण, पुरुष तरी आहे का, हे पाहायला त्या रात्री त्याच्या अंथरुणाशी गेल्या. हॅरिसची गाळण उडाली. आपली पेटी घेऊन तो किनाऱ्यावर आला आणि रात्रभर तिच्यावर बसून राहिला. पहाटे काहींनी त्याला हुसकावून पेटीतले कपडे पळवले, तेव्हा तो डोंगरात पळाला. जहाजावर परत आणले तेव्हा त्याला वेड लागल्यासारखे झाले होते. माझे मत विचाराल तर हॅरिसला हसू नये. आपण कुठे आलो आहोत, हे त्याला एका रात्रीत कळले. क्रुकला कळायला दीड वर्ष लागले, एवढाच फरक.

आता तू काय करणार, असे कप्तानाने क्रुकला विचारले. तो राहतो म्हणाला. जूनअखेर जहाज निघाले. निरोप घेताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण भीती दिसली नाही, असे जहाजाच्या वृत्तांतात नोंदले आहे. त्याच्यापाशी हत्यारे होती, भाजीपाल्याचे बी होते, औषधे होती, काही पुस्तके होती, आणि एक ज्ञानकोशही! वाचता येणारा दुसरा माणूस बेटावर नाही, आणि पेटीत ज्ञानकोश.

त्या बेटावरचा दिवस कसा असेल? डोंगर एकदम समुद्रातून वर उठलेले, मधे अरुंद खोरी, खोऱ्यात ओढा. ओढ्याच्या काठाने मोठमोठ्या दगडांचे चौथरे आणि त्यांवर बांबूची, पानांनी शाकारलेली घरे. सकाळी कानावर पडायचा तो दगडी बत्त्याचा आवाज. तिथे ना भात, ना भाकरी. मुख्य अन्न नीरफणसाचे. कोकणातल्या मंडळींना हे झाड ठाऊक आहे. परसात एखाद-दुसरे असते आणि त्याची कापे आपण हौसेने तळून खातो. तिथे त्या झाडावर माणूस जगायचा. फळ भाजायचे, सोलायचे, बत्त्याने कुटून त्याचा लगदा करायचा आणि बोटांनी खायचा.

पण झाडाला बारा महिने फळ कुठून येणार? त्यासाठी आपल्याकडे जसे ज्वारीचे पेव असे, तसे ते लोक जमिनीत खड्डे घेत, आतून पाने लावत, आणि जास्तीची फळे त्यात दाबून ठेवत. ती आंबत आणि वर्षानुवर्षे टिकत. या आंबवलेल्या गोळ्याला ते ‘मा’ म्हणत. तो ताज्या फळात कुटून कालवला की ‘पोपोइ’ तयार. हॅरिसच्या घशाखाली न उतरलेले अन्न ते हेच. पाऊस हुकला, बहर गेला, की सारे खोरे पेवावर जगे. पेव सरले की माणसे मरत. ‘डफ’ आले तेव्हाच बेटावर फळांची टंचाई होती. शिकवायला आलेला गुरू अशा दिवसांत दुसऱ्याच्या घासातला घास खात होता. गुरुजी, तुम्हीच विचार करा, ज्याच्या घरी जेवायचे त्याला ‘तुझा देव खोटा’ असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आणि सांगायचे कोणत्या शब्दांत, हाही प्रश्न होताच. ताहितीची भाषा थोडी कानावरून गेली होती. इथली तिच्या नात्यातली, पण वेगळी. इथे प्रत्येक गोष्टीला ‘तापू’ होता. आपल्या सोवळ्याओवळ्यासारखे समजा, पण त्याहून पुष्कळ कडक. माणसाचे डोके पवित्र, त्यावरून हात न्यायचा नाही. पुरुषांच्या जेवणाच्या काही जागा बायकांना बंद. बायकांनी होडीत पाऊल ठेवायचे नाही. म्हणून तर ‘डफ’ आले तेव्हा बायका पोहत जहाजाशी आल्या. इथे नवखा माणूस तोंड उघडण्याआधीच दहा चुका करून बसणार. क्रुकला आधी पोराप्रमाणे शिकावे लागले, कुठे बसायचे, काय शिवायचे, कशाला काय म्हणतात.

अकरा महिने असे गेले. त्याचे ऐकून एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. याच काळात एका जहाजावरचा एक इटालियन खलाशी बेटावर येऊन राहिला होता. त्याच्याकडे ज्ञानकोश नव्हता, बंदूक होती. लोकांनी कोणाचे ऐकले असेल ते वेगळे सांगायला नको.

१७९८ च्या मे महिन्यात एडमंड फॅनिंग नावाच्या अमेरिकन कप्तानाचे ‘बेट्सी’ जहाज बेटाशी आले. एका होडीतून उन्हाने रापलेला, तिथल्याच लोकांसारखा वेश केलेला माणूस पुढे आला आणि चक्क इंग्रजीत बोलू लागला. तो क्रुक. इटालियन माणूस लोकांना हाताशी धरून जहाज लुटायच्या बेतात आहे, हे त्याने सांगितले आणि आपला जीव वाचवा अशी विनंती केली. फॅनिंगने त्याला जहाजावर घेतले. पण घरी जायचे म्हणाल, तर क्रुक घरी गेला नाही! सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या नूकुहिवा बेटावर तो पुन्हा एकटा उतरला. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो; ताहुआताला माणसांना ‘एनाता’ म्हणत, इथे ‘एनाना’. पुन्हा शिकणे आले.

१७९९ च्या जानेवारीत देवमाशांची शिकार करणाऱ्या एका जहाजातून तो इंग्लंडला निघाला. सोबत माणसे घेऊन परत यायचे, हा हेतू. तो काही साधला नाही. पण त्याच्याबरोबर तेमोतेइतेइ नावाचा नूकुहिवाचा एक तरुण आला होता. सॅम्युएल ग्रेटहीड नावाचे एक पाद्री, क्रुक आणि हा मुलगा यांनी मिळून त्या बेटांची सविस्तर हकीकत लिहिली आणि भाषेचा कोश नि व्याकरण रचले. कोश करणाऱ्यांत बेटावरचा माणूस होता, हे विसरू नका. मास्तर म्हणून गेलेला क्रुक तिथून परतला तो त्या लोकांचा विद्यार्थी होऊन.

पुढे तो ऑस्ट्रेलियात सिडनीकडे गेला, तिथे मुलांची शाळा चालवली, मग कित्येक वर्षे ताहितीच्या बाजूला काढली. १८२५ साली तो मार्केसासला पुन्हा एकदा जाऊन आला. या खेपेस त्याने शिकवायला ताहितीची माणसे नेली. १८४६ साली मेलबर्नला त्याचा अंत झाला.

आणि ती बेटे? जहाजे वाढली, त्यांबरोबर बंदुका आल्या, दारू आली आणि रोग आले. १८४२ मध्ये फ्रान्सने बेटे ताब्यात घेतली. क्रुकच्या काळी तिथे कित्येक हजार माणसे होती. काही अभ्यासक तो आकडा पन्नास हजारांच्या आसपास धरतात. १९२० नंतरच्या वर्षांत दोन हजारांच्या थोडी वर उरली. खोरीच्या खोरी ओस पडली, चौथऱ्यांवर रान माजले. जुन्या चालीरीती सांगणारी म्हातारी माणसे गेली, तेव्हा त्या मुलाने आणि क्रुकने मिळून लिहिलेले कागद तेवढे राहिले. आज तिथे नऊ हजारांच्या वर वस्ती आहे, आणि मुले ती भाषा बोलतात. १७९९ साली हाताने लिहिलेला तो कोश छापून निघाला १९९८ साली.