अतिदक्षता विभागातील रात्रीचे तज्ज्ञ डॉक्टर : खानदेश

अतिदक्षता विभागात (आयसीयूत) रात्रभर तज्ज्ञ डॉक्टर प्रत्यक्ष हजर ठेवण्याची व्यवस्था. तज्ज्ञ म्हणजे येथे अतिदक्षता वैद्यकाचे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर. तो नसेल तेथे एमडी फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ. तज्ज्ञ घरून फोनवर सल्ला देतो व गरज वाटल्यास येतो, ती ‘ऑनकॉल’ पद्धत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक खासगी रुग्णालयांत रात्री खाटेजवळ निवासी वैद्यकीय अधिकारी (आरएमओ) व परिचारिका असतात आणि तज्ज्ञ ऑनकॉल असतो.

उगम : 1952 च्या पोलिओच्या साथीत कोपनहेगनमध्ये ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वसननलिकेला छेद देऊन हाताने पिशवी दाबत रोग्यांना श्वास पुरवला. यासाठी सुमारे 1,500 वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने दिवसरात्र काम केले. पुढच्याच वर्षी तेथे अतिदक्षता विभाग उभा राहिला. रात्रपाळी ही या शाखेत मागाहून आलेली सोय नव्हे. शाखाच तिच्यातून निघाली. भारतीय अतिदक्षता वैद्यक संघटना 1993 मध्ये मुंबईत स्थापन झाली.

नरडाणा व परिसर : नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) मुंबई–आग्रा महामार्गावर धुळे व शिरपूर यांच्या दरम्यान आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे स्थानक आणि औद्योगिक वसाहत यांमुळे वर्दळ मोठी. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्राच्या रचनेत अतिदक्षता विभाग नसतो. अत्यवस्थ पेशंट शिरपूरला किंवा धुळ्याला हलवावा लागतो. राज्याची 108 रुग्णवाहिका सेवा जानेवारी 2014 मध्ये 937 गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी प्रगत जीवरक्षक सुविधेच्या 233. या सेवेने रस्त्यावरचा वेळ भरून काढला. दाखल झाल्यानंतरच्या रात्रीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रात्रीचे रोगी : या भागातील दोन प्रकार येथे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहेत. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंशाच्या जागी वेदना वा सूज फारशी नसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पहाटेपर्यंत पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. प्रतिविष दिल्यावरही काहींना व्हेंटिलेटर लागतो. त्या वेळी नळी घालायची की थांबायचे, याचा निर्णय काही मिनिटांत घ्यावा लागतो.

दुसरा प्रकार कीटकनाशकाच्या विषबाधेचा. खानदेश कापसाचा मुलूख. फवारणीची औषधे घरोघरी असतात. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील विषबाधेत ॲट्रोपिनचा डोस ठरावीक नसतो. छातीतील स्राव, नाडी व रक्तदाब पाहत तो वारंवार वाढवावा किंवा कमी करावा लागतो. शिवाय साधारण 24 ते 96 तासांनी, रोगी सुधारल्यासारखा दिसत असतानाच, मान व श्वसनाचे स्नायू अचानक दुबळे पडू शकतात. उशीवरून डोके उचलता येत नाही, ही पहिली खूण. ती टिपायला अनुभवी नजर जवळ असावी लागते. फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘पेशंट बरा आहे’ असेच मिळते.

या दोन प्रकारांखेरीज रात्रीचे अपघातग्रस्तही असतात. ऑगस्ट 2019 मध्ये दोंडाईचा–शहादा रस्त्यावर निमगूळजवळ रात्री एसटी बस व कंटेनरची धडक होऊन दहाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

धुळे, मार्च 2017 : श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 12 मार्चच्या रात्री डोक्याला मार लागलेला रोगी आणला गेला. मेंदूशल्यचिकित्सक उपलब्ध नसल्याने दुसरीकडे हलवावे, असे ड्युटीवरील अस्थिरोग विभागाच्या निवासी डॉक्टरने सांगितले. नातेवाइकांच्या जमावाने त्याला मारहाण केली. डोळ्याला गंभीर इजा झाली. पाठोपाठ मुंबईतही डॉक्टरांवर हल्ले झाले आणि 20 मार्चपासून राज्यातील सुमारे 4,000 निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोहोचले. शासनाने रुग्णालयांसाठी 1,100 सुरक्षारक्षक देण्याचे मान्य केले. डॉक्टरांवरील हिंसाचाराविरुद्धचा राज्याचा कायदा 2010 पासून अस्तित्वात होताच.

चर्चा सुरक्षेची झाली आणि ती आवश्यकच होती. परंतु ज्या उणिवेमुळे त्या तरुण डॉक्टरला ‘येथे तज्ज्ञ नाही’ हे वाक्य उच्चारावे लागले, ती सुरक्षारक्षकांनी भरून निघणारी नव्हती.

संशोधन : अमेरिकेतील 49 अतिदक्षता विभागांच्या 2012 मधील अभ्यासात, दिवसा तज्ज्ञांचा सहभाग ऐच्छिक असलेल्या विभागांत रात्री तज्ज्ञ ठेवल्यास मृत्यू कमी आढळले. दिवसा तज्ज्ञांची पूर्ण देखरेख असलेल्या विभागांत असा फरक दिसला नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील वर्षभराच्या यादृच्छिक चाचणीत (2013) सुमारे 1,600 रोग्यांमध्ये रात्रीच्या तज्ज्ञामुळे मुक्काम घटला नाही. ही चाचणी ‘रात्री तज्ज्ञ नको’ याचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. मात्र त्या रुग्णालयात रात्री प्रशिक्षणार्थी निवासी डॉक्टर खाटेजवळ असत आणि दिवसाची व्यवस्था भक्कम होती. जेथे दिवसाही एकच फिजिशियन राउंड, बाह्यरुग्ण विभाग आणि आयसीयू सांभाळतो, तेथे पहिल्या अभ्यासातील दुबळ्या गटाचा निष्कर्ष अधिक जवळचा मानावा.

वादाचे मुद्दे : खासगी आयसीयूत रात्री आयुर्वेद वा होमिओपॅथी पदवीधर आरएमओ नेमण्याची प्रथा राज्यभर आहे. तिच्या वैधतेबाबत व मर्यादेबाबत वैद्यकीय संघटनांत तीव्र मतभेद आहेत. एप्रिल 2021 मध्ये विरारच्या खासगी कोविड रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला पहाटे आग लागून किमान 13 रोगी दगावले. त्या वेळी डॉक्टर हजर होते की नाही, याविषयी नातेवाईक व व्यवस्थापन यांची विधाने परस्परविरोधी होती.

कामाचे तास : केंद्र सरकारच्या 1992 च्या निर्देशानुसार निवासी डॉक्टरची सलग ड्युटी सर्वसाधारणपणे दिवसाला 12 तासांपेक्षा अधिक नसावी.

परिचारिका : रोग्यातील बदल रात्री बहुधा प्रथम यांच्याच लक्षात येतो.

दूरस्थ अतिदक्षता : मोठ्या शहरातील तज्ज्ञ कॅमेरा व मॉनिटरद्वारे दूरच्या खाटांवर लक्ष ठेवतो. कोविडकाळात, जुलै 2020 मध्ये, राज्य सरकारने अशी सेवा भिवंडीपासून सुरू केली. पुढच्या टप्प्यांसाठी जाहीर झालेल्या ठिकाणांत जळगाव होते. व्हेंटिलेटरची मांडणी, औषधांचे डोस आणि धोक्याची पूर्वसूचना यांसाठी ही पद्धत उपयोगी आहे. नळी घालणे, छातीतील हवा काढणे ही कामे मात्र खाटेजवळच्या हातांनीच करावी लागतात.